बंबचोराची मिरवणूक

कुशाबा हवालदार राजापूरकडचा. तीस वर्षं निळी अर्धी चड्डी आणि पिवळी टोपी घालून त्याने लालबाग-परळच्या गल्ल्या तुडवल्या, पण कुणावर उगाच काठी उगारली नाही. लोक म्हणायचे, हा माणूस पोलिसात चुकून आला. म्हणोत बापडे! त्याच्या ताब्यातला एकही कैदी तीस वर्षांत सुटला नव्हता, हे मात्र कुणी ध्यानात घ्यायचं नाही. कुशाबा स्वतः ते रोज एकदा तरी बायकोला ऐकवायचा आणि रखमा म्हणायची, "पुरे झालं तुमचं पुराण."

संयुक्त महाराष्ट्राचा लढा तेव्हा ऐन भरात होता. सत्याग्रही रोज कुठे ना कुठे स्वतःहून अटक करवून घेत होते. त्याच धामधुमीत कुशाबाने गुणाजीला धरला. हा गुणाजी नामी बंबचोर. चाळीच्या गॅलरीतला पाणी तापवायचा तांब्याचा बंब उचलण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. या खेपेला मात्र गड्याने घाईघाईत पेटता बंबच उचलला. डोक्यावर बंब, बंबावर गोणपाट आणि गोणपाटातून भसाभस धूर! कुशाबा आपला धुराच्या मागे मागे गेला, आणि सापडलं की ध्यान.

दुसऱ्या दिवशी त्याला भोईवाड्याच्या कोर्टात उभं करायचं होतं आणि नेमका हरताळ. ट्राम बंद, बस बंद, पोलिसांच्या गाड्या बंदोबस्ताला. इन्स्पेक्टरांनी बजावलं, "चालत ने. आणि हा सुटला ना कुशाबा, तर घरीच बस. तीन महिन्यांवर पेन्शन आलीय, विसरू नकोस." त्याने बेडीचं एक कडं गुणाजीच्या मनगटात अडकवलं, दुसरं स्वतःच्या, आणि किल्ली खिशात टाकली.

"हवालदारसाहेब, लग्नाची गाठ बांधल्यासारखं वाटतंय," गुणाजी म्हणाला.

"गप चल मेल्या!"

परळच्या नाक्यावर आले तर समोरून माणसांचा लोंढा पळत येतोय, मागे पोलीस, लाठ्या चालूच. धुरळ्यात कुणाला कोण दिसतंय! एक लाठी थेट गुणाजीच्या टाळक्यावर येत होती. कुशाबाने मोकळा हात मध्ये घातला. असा सणसणीत फटका बसला की त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. मग दोघे पळत सुटले. पळता पळता विजेचा खांब आडवा आला. कुशाबा डावीकडून गेला, गुणाजी उजवीकडून, आणि बेडीने दोघांना असा हिसका दिला की खांबाला मिठी मारून दोघे समोरासमोर आले.

"मध्ये कशाला हात घातलात?" गुणाजीने धापा टाकत विचारलं.

"तुझं डोकं फुटलं असतं तर कोर्टात काय, खोबरं वाटलं असतं? चल, या बोळातून."

बोळ एका चाळीच्या चौकात निघाला. तिथे शंभरेक माणसं जमलेली, पुढे गिरणीतली सुंदराबाई, आवाज म्हणजे भोंगाच. तिने बेडी पाहिली आणि कडाडली, "अगं बाई, आपला सत्याग्रही धरून नेतोय हा मेला!"

"अहो बाई, हा बंबचोर आहे!" कुशाबा कळवळून ओरडला.

"महाराष्ट्र मागणाऱ्याला चोर म्हणतोस? जीभ झडेल तुझी!"

झालं! आता देवाची शपथ घेतली तरी कोण ऐकणार? चौघांनी कुशाबाला धरलं, किल्ली काढली, बेडी उघडली. सुंदराबाईने गुणाजीच्या गळ्यात झेंडूचा हार घातला आणि म्हणाली, "पळ रे लेकरा, मागच्या दाराने पळ!"

गुणाजी दारापर्यंत गेलासुद्धा. कुशाबा सुजलेला हात छातीशी धरून तसाच उभा होता. आता रखमाला काय सांगू, एवढंच त्याच्या मनात घोळत होतं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायचीही त्याला शुद्ध नव्हती. गुणाजीने मागे वळून ते पाहिलं.

"नाही!" तो एकदम ओरडला. "सत्याग्रही पळत नसतो! मी अटक करवून घेणार. मला कोर्टात न्या!"

काय ती टाळी पडली! सगळा चौक "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" म्हणत निघाला. पुढे हार घातलेला बंबचोर, त्याच्या शेजारी हवालदार, मागे शंभर माणसं. थेट कोर्टाच्या दारात आणून सोडलं लोकांनी.

आत शिरताना कुशाबाने हळूच विचारलं, "का रे आलास?"

"तुम्ही पळवलं असतंत मला साऱ्या मुंबईभर," गुणाजी नजर चुकवत म्हणाला. "हाताला पट्टी बांधून घ्या आधी."

आरोपी वेळेवर हजर होता. कुशाबा गप्प बसता तर कुणाला काही कळलंही नसतं. पण गुणाजीची ही तिसरी खेप. मॅजिस्ट्रेट सरळ वर्षभर आत पाठवणार, हे दिसतच होतं. कुशाबाला राहवेना. तो पुढे झाला आणि वाटेत काय काय घडलं ते सगळं, बेडी उघडली त्यासकट, सांगून मोकळा झाला. पेन्शन गेली तर गेली.

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे हवालदार, आरोपी तुमच्या ताब्यातून सुटला होता?"

"सुटला होता, साहेब," कुशाबा म्हणाला. "पण गेला नाही."

साहेबांनी बराच वेळ काहीतरी लिहिलं. मग गुणाजीला दोन महिन्यांची शिक्षा सांगितली आणि हवालदाराने कर्तव्यात कसूर केलेली नाही, असा शेरा आपणच वाचून दाखवला. सगळ्या वाटेत जो गडी थट्टा करत आला होता तो गुणाजी तेव्हा मात्र पिंजऱ्याचा कठडा धरून हमसून हमसून रडायला लागला, आणि कुशाबा एका हाताने त्याची पाठ थोपटत राहिला.