तळ्यातली लाल दवा

सकाळपासून तीनदा तळ्यावर जाऊन आलो. तिथं बघण्यासारखं काही नाही. दोन वर्षांपासून त्यात नुसतं ओलिताचं पाणी आहे. तरी पाय घरात ठरत नाहीत.

परतवाड्याजवळच्या आमच्या या शेततळ्यात सुनेनं रोहू मासे पाळले होते. त्यांच्या अंगावर लाल चट्टे उठले, रोज दोन-चार मरू लागले. मत्स्यपालनाच्या प्रशिक्षणात शिकलेला उपाय तिनं केला. ड्रममध्ये तळ्याचं पाणी, गूळ, कोंडा आणि पुडीतले चांगले जीवाणू कालवले, दिवसभर मुरवले आणि तळ्यात सोडले.

“जंतू मारासाठी जंतूच टाकून राहिली तू?” मी चिडवलं.

“ते आधी जागा धरतात, मामाजी. मंग वाईटाले बसाले जागाच नाई राहत.”

“म्हणजे एसटीच्या सीटवर रुमाल टाकल्यावानी!”

ती हसली. “तसंच समजा. पण आठ दिवस दम धरा.”

तो मला धरवला नाही. तिसऱ्या दिवशी ती पाणी तपासायला अकोल्याला गेली आणि इकडे दोन मासे तरंगताना दिसले. आयुष्यभर मी विहिरीत लाल दवा, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, टाकत आलो, जनावरांचे खूर त्याच दवेनं धुतले. घरातला डबा आणला आणि मुठीमुठीनं दवा तळ्यात फेकली. लाल दवा चांगला-वाईट जंतू ओळखत नाही, सगळेच मारते; जास्त झाली तर माशांचे कल्लेही जाळते. हे मी नंतर, चोरून विचारून घेतलं. पाणी जांभळं झालं, सांजेपर्यंत मातकट. सून परतली तोवर काही ओळखू येत नव्हतं.

दुसऱ्या सकाळी तळं पांढऱ्या पोटांनी भरलं होतं.

“मामाजी, तुमी काई टाकलं काय?”

“मी कायले टाकू?”

तिनं विश्वास ठेवला. आपलाच गूळ जास्त झाला, त्यानं पाण्यातला प्राणवायू संपला, असं तिनं वहीत लिहिलं आणि मासे पाळणं सोडलं.

काल शेजारच्या गावची एक बाई तिला विचारायला आली. तिच्याही माशांना चट्टे.

“ते जीवाणू नको टाकू बाई,” सून म्हणाली. “माह्या हातानं तळं मेलं.”

“मंग घरी लाल दवा हाये, तेच टाकून पाह्यतो,” म्हणत बाई उठली.

मी ओट्यावरून ओरडलोच. “थांब! लाल दवा नको टाकू. आमचे मासे त्या दवानंच मेले. मीच टाकली होती.”

सून माझ्याकडे वळली.

“किती?”

“मोजली नाई.”

“अन् म्या इचारलं तवा?”

 तिनं आतून वही आणली, गुळाची ती ओळ उघडून माझ्यापुढे ठेवली. “तुमच्या हातानं लिहा.” मग बाईला घेऊन मागे गेली, ड्रम काढायला.

त्या ओळीखाली मी हे लिहिलं आहे. ती अजून माझ्याशी बोललेली नाही. मागून ड्रम घासल्याचा आवाज येतो आहे. बाई दुपारी गूळ घेऊन येणार आहे. तोवर पुन्हा एकदा तळ्यावर जाऊन येतो.