मामंजींचं सहाबारी आणि माझं शेंगतेल

लग्न होऊन मी इस्लामपूरजवळच्या मळ्यात आले, तेव्हा बहात्तरचा दुष्काळ ओसरून दोनेक वर्षं झाली होती. नवरा पलटणीत होता. घरात सासू-सासरे, एक दुभती म्हैस आणि सासऱ्यांचं सहाबारी रिव्हॉल्व्हर. सासऱ्यांना मी मामंजी म्हणायचे. ते सुभेदार होऊन पेन्शनीत आलेले.

रिव्हॉल्व्हर त्यांच्या वडिलांचं, ठासणीचं. फिरत्या चाकाच्या सहा भोकांत काळी दारू आणि शिशाची गोळी ठासायची, मागच्या बोंडांवर तांब्याच्या चिमुकल्या टोप्या बसवायच्या. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी आत जाऊन बार उडायचा. लायसन उसातल्या डुकरांसाठी होतं, पण डुकरं काही मामंजींच्या सोयीनं येत नसत. म्हणून दर रविवारी सकाळी ते गोठ्यामागच्या बाभळीला करवंट्या टांगून नेम धरायचे.

बार उडाला की म्हैस पान्हा चोरायची. धार मी काढायचे, त्यामुळं दूध कमी आलं की सासूबाईंची बोलणी मलाच. एकदा मी भीत भीत सुचवलं की बार ओढ्याकडं काढले तर बरं. मामंजी म्हणाले, पलटणीतली खेचरं तोफेला बिचकत नव्हती, म्हशीलाही सवय होईल.

रिव्हॉल्व्हर साफ करायचं कामही माझंच. गरम पाण्यानं धुवायचं, चुलीजवळ वाळवायचं आणि गंजू नये म्हणून तेलाचा हात फिरवायचा. तेलाला हात आखडू नको, असं मामंजी दरवेळी बजावायचे. एका शनिवारी मी हात जरा सैल सोडला. सहाही भोकांत शेंगतेल घातलं, बोंडांतही थेंब थेंब सोडला. वरून कोरडं पुसून पेटीत ठेवून दिलं.

रविवारी सहा टोप्या फटफट फुटल्या, बार एकही उडाला नाही. मामंजींनी दारूला ऊन दाखवलं. पुढच्या रविवारी तेच. मग ते एसटीनं सांगलीला जाऊन नव्या टोप्या घेऊन आले. मी पुन्हा तेल घातलं. महिनाभर करवंट्या शाबूत राहिल्या, दूध वाढलं आणि सासूबाई शेजारणींपुढं माझ्या हाताचं कौतुक करू लागल्या.

मग कराडहून मामंजींचे पलटणीतले एक दोस्त आले. जेवणानंतर मामंजींनी त्यांना कौतुकानं गोठ्यामागं नेलं. चहा घेऊन मी पोचले, तोवर सहाही टोप्या वाया गेल्या होत्या. पाव्हण्यांनी चाक काढून घेतलं, एका भोकातली गोळी उकरली आणि आतली दारू बोटावर घेतली. तिचा काळा चिखल झाला होता. त्यांनी वास घेतला.

"सुभेदार, ह्यात भजी तळलीत काय?"

मामंजी माझ्याकडं वळले. "सूनबाई, तेल किती घालतीस?"

"तुमीच म्हणला हुता मामंजी, तेलाला हात आखडू नको."

पाव्हणे हसता हसता बाजेवर बसले. मामंजी हसले नाहीत. संध्याकाळी त्यांनी सासूबाईंना एवढंच विचारलं, की हल्ली म्हैस दूध किती देते. आकडा ऐकून ते बराच वेळ मिशीवरून हात फिरवत बसले.

रविवारी ते एकटेच ओढ्याकडं गेले. रिव्हॉल्व्हर आदल्या दिवशी त्यांनी स्वतः साफ केलं होतं. पहिला बार झकास ऐकू आला. दुसरा आलाच नाही. थोड्या वेळानं मामंजी तणतणत परतले. चाक जाम झालं होतं.

"आता ह्यात काय घातलंस?"

मी शपथ घेतली, हातसुद्धा लावला नाही म्हटलं. त्यांचा विश्वास बसेना, सासूबाईंचाही बसेना. मग मीच वाकळ शिवायची सुई आणली. मामंजींनी उरलेल्या टोप्या काढून घेतल्या आणि मी फटीत सुई घालून कोरत बसले. फुटलेल्या टोपीचा चपटा तुकडा चाकामागं अडकला होता. तो टुणकन उडून मामंजींच्या धोतरावर पडला. त्यांनी तो चिमटीत धरून उन्हात नीट न्याहाळला.

"सुई दे हिकडं," ते म्हणाले, आणि ती डोक्यावरच्या टोपीच्या कडेला खोचून पुन्हा ओढ्याकडं निघाले.