ताटातला चंद्र

"ए पोरी, ठेव ते खाली. पाव्हण्याईसाठी हाय ते. तुमचं ताट कुठी हाय?"

मेडशीजवळच्या आमच्या गावात एका मोठ्या शेतकऱ्याच्या घरचं लग्न होतं. मी सातवीत. टेबलावर कागदी प्लेटांची चळत दिसली, म्हणून एक उचलली. नवरदेवाच्या काकानं ती माझ्या हातातून ओढून घेतली.

आमच्या वस्तीनं घरून ताटं न्यायची आणि गोठ्याजवळ बसायचं, अशी रीत. मला ठाऊक होती. पण त्या वर्षी कागदी प्लेटा होत्या. मला वाटलं, आता कुणाला घासायच्याच नाहीत, तर काय हरकत? जेवून झालं की फेकूनच द्यायच्या होत्या त्या.

पदराखालचं स्टीलचं ताट काढून आईनं माझ्यापुढे ठेवलं. बुंदी, वरण-पोळी, वांग्याची भाजी. मी पोटभर जेवले. तेच अजून खुपतं.

आता मी वाशिमला कॉलेजात आहे. आमच्या घरातली पहिलीच. वर्णनात प्रतीक कसं वापरायचं ते सरांनी शिकवलं, आणि एक अनुभव लिहायला सांगितला. मी हा लिहिला.

सरांना आवडला. खरंच आवडला. वर्गासमोर म्हणाले, "ताट हे भुकेचं प्रतीक. छान सापडलंय तुला. फक्त ते रिकामं ठेव. शेवटी त्यात चंद्र उतरलेला दाखव. आणि ती वस्ती, तो काका, ते काढ. प्रतीकाला जात नसते."

त्याच काकाचा मुलगा आमच्या वर्गात आहे. तो मागून बोलला, "सर, आमच्याच घरी जेवली अन् आमचंच लिवून राह्यली."

वर्ग हसला. सरही थोडे हसले. मी खाली बसले.

सुधारून आणलं तर स्नेहसंमेलनात वाचायला मिळणार होतं. नाही आणलं तर अंतर्गत गुण सरांच्याच हातात. बाबांना फोन केला.

"लिव ना मंग चंद्र," ते म्हणाले. "आपन उद्या बी त्याईच्याच वावरात जानार हावो."

मी लिहायला बसले. ताट रिकामं केलं. चंद्र आणला. वाक्य चांगलं झालं, हेच वाईट. आईला बसायला त्यात जागाच उरली नाही. आणि लग्न तर भर दुपारचं होतं. काट मारली.

दुसऱ्या दिवशी वर्गात उभी राहिले.

"सर, ताट भरलेलं होतं. भुकेचं काही नव्हतं. मला प्लेट दिली नाही, एवढंच झालं."

"अगं, मग त्यात साहित्य कुठं राहिलं?"

मी आधी लिहिलेलं तसंच वाचायला लागले. वस्ती, गोठा, काका, सगळं. काकाचा मुलगा फोन लावत बाहेर गेला.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "वाचलं त वाचलं."

त्यांचं काम जाईल कदाचित. गुणही जातील. संमेलनाच्या यादीत माझं नाव नाही, ते कळलंच. पण माझी आई गोठ्याजवळ बसली होती. तिला तिथं कुणी बसवलं, हे मी दर वेळी लिहिणार. ती ओळ मी कुणालाही काढू देणार नाही.