मृण्मयीचा पत्ता

नव्या वेबसाइट तपासायला खोटी माणसं लागतात. ती बनवून देणारं सॉफ्टवेअर मी तयार करत होते. त्यातली मराठी नावं आईने सांगितलेली, मेथी निवडता निवडता, आठवतील तशी. बाहेर धाडण्याआधी एकदा चालवून पाहिलं. पडद्यावर माणसं उमटू लागली. प्रत्येकाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, पत्ता. जन्मालाच न आलेल्या माणसालाही आपल्याकडे बापाचं नाव लागतंच.

चहा घेऊन आलेली आई मागे थबकली. पडद्यावर नाव होतं मृण्मयी श्रीधर, आणि पुढे आईच्या माहेरचं आडनाव. श्रीधर माझा मामा. लग्नाआधीच गेला.

"मुलगी झाली तर मृण्मयीच ठेवीन म्हणायचा," आई म्हणाली.

"अगं, नावं तूच दिलीस. मशीन ती नुसती कशीही जुळवतं. हे बघ."

मी पुन्हा चालवलं. पडदा पुसला गेला आणि दुसरीच माणसं आली. पुन्हा चालवलं. मृण्मयी काही आली नाही.

आईने चहा टेबलावर ठेवला. मग हळूच म्हणाली, "पुसण्याआधी पत्ता तरी वाचायचास गं."