थोल म्हणजे ढोल नव्हे

आपली सोडून बाकी सगळ्यांची भाषा ज्याला विनोदी वाटते, अशा माणसाला बघून माझं डोकं फिरतं. सौदीत अल-खोबरला असताना असाच एकजण भेटला, तोही मराठीच.

आमच्या ऑफिसात एक म्हातारा वेल्डिंग इन्स्पेक्टर होता, उत्तर आयर्लंडचा. त्याचं बोलणं ऐकून इंग्रज साहेब म्हणायचा, "हे मोडकं इंग्रजी." म्हातारा उसळायचा. "मोडकं? ही आमची भाषा आहे, अल्स्टर-स्कॉट्स! आमच्याकडचे विणकर मागावर बसून हिच्यात कविता करायचे, गाववाले वर्गणी काढून त्यांची पुस्तकं छापायचे!" मला ते लगेच पटलं. मी कुडाळचा. 'शुद्ध बोल' म्हणून मास्तरांच्या छड्या खाल्लेला माणूस मी.

त्याचा मोठा भाऊ समुद्रात बुडाला, तेव्हा त्याच्या आईने एक कविता केली होती. ती त्याला तोंडपाठ होती. त्याची पोरं इंग्लंडात वाढलेली, त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नसे. निदान एकदा ती चारचौघांत म्हणायची, एवढीच त्याची इच्छा होती. साइटवर जाताना गाडीत त्याने मला अर्थ सांगितला. दर कडव्याच्या शेवटी 'थोल' यायचं. थोल म्हणजे सोसणं. माझी आई म्हणायची ना, "सोसूक व्हया, बाबा," अगदी तेच.

कंपनीच्या स्नेहसंमेलनात त्याला संधी मिळाली. सूत्रसंचालन आमच्या त्या मराठी साहेबाकडे. हा शहाणा माइकवर म्हणतो काय, "आता थोडी गंमत!"

झालं! म्हातारा डोळे मिटून म्हणायला लागला. पहिलं 'थोल' आलं आणि मागून आपल्याच लोकांतलं कोणीतरी ओरडलं, "ढोल! ढोल!" पुढच्या कडव्याला अख्खा हॉल टेबलं बडवायला लागला. मेलेल्या पोरासाठी आई रडतेय आणि हे ठेका धरतायत! मी उठून ओरडलो, "अरे, लाजा वाटू देत जरा!" कोण ऐकतंय? म्हाताऱ्याने कविता अर्ध्यावर सोडली आणि खाली उतरला.

मी त्याला घेऊन दाराकडे निघालो, तर साहेब हसत आडवा आला. "चिडता काय राव? दिवाळीला आपल्या महाराष्ट्र मंडळात तुमचं मालवणी ठेवू. लोक हसून हसून लोळतील!"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं परक्या मुलखात जपून, तोलून शुद्ध बोललो होतो. ते सगळं गेलं खड्ड्यात.

"सोसूचंय नाय!" मी ओरडलो. "आता सोसूचंय नाय!"

साहेबाला वाटलं, कार्यक्रम आत्ताच सुरू झाला. तो खो-खो हसला.

बाहेर आल्यावर म्हाताऱ्याने विचारलं, "काय म्हणालास त्याला?"

मी त्याच्याच भाषेत सांगितलं, जमेल तसं, "आल नो थोल इट." नाही सोसणार मी.

म्हातारा जागीच थांबला. माझा दंड घट्ट धरून म्हणाला, "परत म्हण."