रेघवाले आबा

आबांच्या हातात एकमेकांत न मिसळणाऱ्या दोन गोष्टी आल्या की ते आधी त्या हलवायचे आणि मग मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसायचे. डब्यातल्या रश्श्यावरचा तवंगसुद्धा त्यांच्या तावडीतून सुटला नाही. चमचा फिरवायचा, थांबायचं, "चाळीस सेकंद" असं स्वतःशी म्हणायचं आणि मगच भाकरी मोडायची. तेल वर गेलं, पाणी खाली राहिलं की मध्ये जी रेघ दिसते, ती बघण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. म्हणून आमच्या कारखान्यात ते रेघवाले आबा.

मूळचे देवळ्याकडचे, घरचा कांदा. शिकून लांब पूर्वेकडे एका युरेनियमच्या कारखान्यात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. मग नाशिकला गंगापूर रोडवर घर घेतलं, पण घरात बसवेना. आमच्या शेठच्या कारखान्यात आठवड्यातून चार दिवस यायचे, स्कूटरवर, भर मे महिन्यात कानटोपी घालून. आमचं काम जाड प्लॅस्टिकच्या शीटा कापून, गरम हवेनं जोडून टाक्या करण्याचं. त्यातल्या काही टाक्या युरेनियमच्या कारखान्यांत जातात. अशा टाकीच्या एका खणात पंखा ढवळतो आणि शेजारच्या लांब खणात ते ढवळलेलं निवांत वेगळं होतं. मी जोडारी. आठवीत शाळा सोडलेली. गाव झाडीपट्टीत, आरमोरीच्या पलीकडे, नाशिकहून निघालं की अख्खा दिवस जातो. माझ्या बोलण्यातल्या 'जी'ला मोटारी बसवणारा मालेगावचा निसारभाई रोज हसायचा. "झाडीपट्टी, तू शिवी दिलीस तरी आशीर्वाद वाटतो," म्हणायचा.

आबा मात्र हसले नाहीत. "आबा, दगडातून हे निघते कसं जी?" असं मी एकदा घाबरत विचारलं, तर त्यांनी मला स्टुलावर बसवलं.

"दगड दळायचा, आम्लात मुरवायचा. युरेनियम पाण्यात उतरतं. पण एकटं येतं का? लोखंड येतं, आणखी दहा जण येतात. म्हणून त्या पाण्यात रॉकेल सोडायचं. त्या रॉकेलमध्ये एक औषध असतं. ते बरोबर युरेनियमलाच धरतं, बाकीच्यांना फारसं विचारत नाही. ढवळलं की युरेनियम पाण्यातून उठून रॉकेलमध्ये जातं."

"मंग रॉकेलातून?"

"सोड्याच्या पाण्यानं उतरवायचं. पहिल्यापेक्षा कितीतरी दाट होऊन येतं. त्याची पुढे पिवळी पूड."

"एवढंच?"

"एवढंच. फक्त रेघ आली पाहिजे. रेघ नाही आली तर रॉकेल पाण्याबरोबर वाहून जातं आणि युरेनियमही त्याच्यासोबत जातं."

आमच्याकडे युरेनियमचा थेंबही येत नसे. टाकीची चाचणी घ्यायला रॉकेल आणि आम्लाचं पाणी पुरे. पाणी नीट दिसावं म्हणून आबा त्यात मोरचूद टाकत, तोच निळा, द्राक्षवाले फवारणीला नेतात तो. दुकानदार त्यांना विचारायचा, "आबा, बाग कुठं आहे तुमची?" आबा सांगायचे, "टाकीत." कुणी पंख्याचा वेग वाढवायला हात घातला की लगेच यायचे. "जास्त ढवळशील तर दूध होईल. मग बस लोणी काढत."

मला त्या वेळी एकच भीती होती. कुणी हाक मारली तरी वाटायचं, चूक सापडली, आता घरी पाठवणार. बायकोला आणि पोरीला महिन्याभरापूर्वीच गावाहून आणलं होतं. पोरीला इथल्या शाळेत तिसरीत घातलं होतं. आणि शेठ म्हणाले होते, "ही नवी टाकी पास झाली की तुला कायम करतो. नाहीतर पुढचं काम येईपर्यंत गावी जाऊन ये." गावी जाऊन ये म्हणजे काय, ते मला कळत होतं.

टाकी बघायला युरेनियमच्या कारखान्यातून एक मॅडम येणार होत्या. आदल्या दिवशी सगळे गेल्यावर मी टाकीकडे पाहिलं. आतून बोटांचे तेलकट डाग, पेन्सिलच्या खुणा. आपलं काम असं दाखवायचं? भांडी घासायचा लिंबाच्या वासाचा साबण आणला, आत उतरून कोपरानकोपरा घासला, दोनदा पाण्यानं धुतला. पाहुणे येणार म्हटल्यावर आमच्या घरी हेच करतात.

सकाळी आबांनी रॉकेल आणि निळं पाणी सोडलं, पंखा चालवला. शेजारच्या खणात फिकट निळं दूध जमा झालं. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली. रेघ नाही. शेठनं रॉकेलवाल्याला फोन लावून झाडायला सुरुवात केली. निसारभाई म्हणाला, "मोटार माझी एकदम ओके आहे, आधीच सांगून ठेवतो."

आबांनी कुणाशी वाद घातला नाही. काचेच्या बरणीत पिंपातलं रॉकेल घेतलं, निळं पाणी घेतलं, खळखळ हलवलं आणि घड्याळ बघितलं. सव्वा मिनिटात स्वच्छ रेघ. "रॉकेल चांगलं आहे. त्या बिचाऱ्याला सोडा," ते शेठला म्हणाले. मग टाकीच्या कोरड्या कडेवर बोट घासून हुंगलं.

त्या क्षणी मला कळलं. गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं, साबणावर नाव थोडंच असतं. पण आबा बोट नाकाशी धरून उभे होते आणि माझ्याकडे बघतही नव्हते. ते मला सोसवेना. जवळ जाऊन म्हटलं, "आबा, साबणानं मी धुतली जी."

आबा एरवी पुस्तकातलं बोलायचे. जीव कळवळला की तेवढं देवळ्याकडचं तोंडात यायचं. "कसाले घाबरस?" म्हणाले. "साबण तेलाला आणि पाण्याला सुटू देत नाही. भांड्याला तेच हवं, आपल्याला तेच नको. उपस हे सगळं, परत पिंपात टाकू नकोस. आणि गरम पाणी आण."

गरम पाणी आणायचं कुठून? कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवरून. निसारभाई शिव्या देत देत माझ्यासोबत बादल्या वाहत होता. प्रत्येक धुण्याचं पाणी आबा बरणीत रॉकेलबरोबर हलवून बघत. पहिल्याला रेघच नाही. तिसऱ्याला नऊ मिनिटं. पाचव्याला चार. तेवढ्यात मॅडमची गाडी आली.

शेठ कुजबुजले, "आबा, मी त्यांना आधी जेवायला नेतो. तोवर आवरा."

"जेवायला न्या, पण सांगून न्या," आबा म्हणाले आणि स्वतःच पुढे झाले. "मॅडम, टाकीत साबण राहिला होता. धुतोय. तासभर लागेल."

"साबण कुणी लावला?"

शेठनं माझ्याकडे वळून पाहिलं. "मी लावला जी," मी म्हटलं. आवाज माझाच होता, पण मला लांबून आल्यासारखा वाटला.

"यानं टाकी चकचकीत केली," आबा म्हणाले. "साबण चालत नाही हे याला सांगायचं काम माझं होतं. मी याला युरेनियमची सगळी कथा सांगितली, तेवढंच राहिलं."

मॅडम जेवायला गेल्याच नाहीत. खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "मग चहा तरी द्या."

निसारभाई म्हणाला, "मॅडम, टपरीवरचं पाणी सगळं टाकीत गेलं."

आठव्या धुण्यानंतर नवं रॉकेल, नवं निळं पाणी. पंखा थांबला. मी खाली बघत उभा होतो. आबांनी माझा खांदा धरून मला टाकीसमोर आणलं आणि आपलं मनगट माझ्या डोळ्यांपुढे धरलं. मिनिट आणि वीस सेकंद. वर रॉकेल, खाली निळं पाणी, मध्ये सुतासारखी रेघ. मी तिथेच फरशीवर बसलो.

टाकी पास झाली. जाताना मॅडमनी टाकीसोबत धुण्याची पद्धत लिहून मागितली. आबांनी पेन माझ्या हातात दिलं. "मी?" म्हटलं. "मग, धुतली कुणी?" म्हणाले. पाच ओळी लिहिल्या. पहिली, 'साबण लावू नये.' त्या महिन्यात शेठनं मला कायम केलं, आणि तो कागद आता आमच्या प्रत्येक टाकीवर चिकटवून जातो.

आबा तीन वर्षं आले. मग मोतीबिंदू झाला, स्कूटर बंद पडली, आणि देवळ्याला पुतण्याकडे राहायला गेले. निरोपाच्या दिवशी नारळ-शाल घेतली आणि कुणाला काही न सांगता मागच्या दारानं निघून गेले, भाषण करावं लागू नये म्हणून. मी दर रविवारी फोन करतो.

मागच्या रविवारी सांगितलं, "आबा, नव्या टाकीत मधली भिंत मी उलटी जोडली. कुणाला दिसली नव्हती. पण कळलं तसा जाऊन शेठला सांगितलं जी. उद्या काढून बसवतो."

आबा म्हणाले, "मग मला कशाला सांगतोस? जा, जेवून घे."