हातोडी, जुनी, एक नग

माझ्या मेव्हण्याने हा प्रसंग आजवर तीन लग्नांत, एका बारशात आणि एका बाराव्याच्या पंगतीत सांगितला आहे. पहिल्या लग्नात मी जहाजावर चढताना थरथरत होतो. बारशापर्यंत मला दोघांनी दंडाला धरून चढवले होते. बाराव्याच्या पंगतीत तर मी बेळगावातूनच अंगात लाइफ जॅकेट घालून निघालो होतो, आणि ज्यांच्या बाराव्याला आम्ही जेवत होतो त्या बाईंची मुलेसुद्धा हसली. खोटे सांगणाऱ्याने निदान एकाच खोट्याशी निष्ठा राखावी. तेवढीही शिस्त या गृहस्थाकडे नाही. म्हणून जे घडले ते मी स्वतः लिहून ठेवत आहे.

मी घाबरलो नव्हतो. मी तपासणी करत होतो. ज्याने आयुष्यात काहीही तपासलेले नाही त्याला या दोन्ही गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात. मेव्हणा बोरगावात राहतो, शेती करतो आणि गप्पा मारतो, आणि त्यात गप्पांचे पीक नेहमीच चांगले येते. मी मात्र बेळगावच्या एका फाउंड्रीत अडतीस वर्षे ओतीव माल तपासला आहे. साच्यातून निघालेला प्रत्येक नग माझ्यासमोर यायचा. त्यावर हातोडीने एक हलका ठोका द्यायचा आणि कान द्यायचा. सलग लोखंड टणकन बोलते आणि थोडा वेळ बोलत राहते. आत तडा असेल तर बद्द आवाज येतो आणि तिथेच मरतो. चांगल्या नगावर खडूने बरोबरची खूण, वाईटावर फुली. माझी खूण असलेला नग परत आला, असे अडतीस वर्षांत दोनदाच झाले, आणि त्यातला एक ट्रकमधून पडला होता.

आता जहाजाविषयी. आमच्या लग्नाला पन्नास वर्षे झाली म्हणून मुलीने आणि जावयाने आम्हा दोघांना गोव्याहून निघणाऱ्या एका जहाजाची तिकिटे दिली. कल्पना त्यांची नव्हती, माझ्या पत्नीची होती. तिने समुद्र तीनदा पाहिला होता, आणि तिन्ही वेळा वाळूवरून. तिन्ही वेळा परतीची एसटी चुकेल म्हणून मी तिला अर्ध्या तासात उठवले होते. ही तक्रार तिने मला कधी सांगितली नाही. मुलीला सांगितली. "जिथनं चारी बाजूंनी किनारा दिसत न्हाय, तिथं एकदा उभं ऱ्हायचं हाय मला," असे ती म्हणाली होती म्हणे. मेव्हण्याला हे कळताच त्याने स्वतःसाठीही तिकीट काढले. त्याला कुणी बोलावले नव्हते, याची नोंद असावी.

जावयाने माहितीपत्रक आणले. त्यात जलतरण तलाव होता, नाचगाणी होती, सात प्रकारचे नाश्ते होते. जहाज कधी बांधले ते नव्हते. मी ते शोधून काढले. जहाज माझ्या मुलीहून चार वर्षांनी थोरले निघाले.

"मामा, सगळं नव्यासारखं केलंय आता," जावई म्हणाला.

"म्हणजे रंग दिलाय."

"फक्त रंग न्हाय हो. आतनं सगळं..."

"बाजाराच्या आदल्या दिवशी म्हाताऱ्या बैलाच्या शिंगांना तेल लावतात, तेही नव्यासारखंच दिसतं," मी म्हणालो. जावई नंतर मुलीकडे जाऊन हसला हे मला माहीत आहे. भिंती माझ्याच घराच्या आहेत; पलीकडचे ऐकू येते.

मी जहाजाच्या कंपनीला सविस्तर पत्र लिहिले. त्यात सतरा प्रश्न होते: तळाच्या पत्र्याची जाडी किती उरली आहे, शेवटचा ठोका कुणी मारून पाहिला, होड्या खाली सोडणाऱ्या तारा केव्हा बदलल्या, इत्यादी. चौथ्या दिवशी उत्तर आले की शाकाहारी जेवणाची उत्तम सोय आहे. मी पुन्हा लिहिले. मग कळवण्यात आले की कांदालसूण नसलेले जेवणही मिळेल.

या काळात पत्नी शांत होती. तिने दोन नव्या साड्या घेतल्या, मळमळीसाठी आवळासुपारी केली आणि तिची पिशवी दाराजवळ ठेवली, निघण्याच्या नऊ दिवस आधी. त्या पिशवीला वळसा घालून मला रोज फिरायला जावे लागे. शेवटी मी तिला स्पष्ट सांगितले, "मी जहाज आधी तपासणार. ठोका बद्द आला तर आपण उतरायचं."

"तुम्ही उतरा की," ती भाजी निवडत म्हणाली. "मी हाय तिथंच बसतो."

आमच्याकडच्या बायका 'बसतो' म्हणतात. तो शब्द त्या दिवशी मला विशेष पक्का वाटला.

चोर्ला घाटाने आम्ही दुपारी बंदरावर पोचलो. तिथे विमानतळासारखी तपासणी होती. माझ्या पिशवीत माझी हातोडी होती: पाव किलोची, बाभळीच्या दांड्याची, अंगठ्याच्या जागी दांडा झिजून खळगा पडलेला. पहारेकऱ्याने ती वर काढून विचारले की ही कशासाठी. मी म्हणालो, जहाजासाठी. मेव्हणा सांगतो की यानंतर मी हात जोडले. साफ खोटे. मी पावती मागितली, आणि ती माझ्याकडे आजही आहे, कुणालाही दाखवीन. तिच्यावर लिहिले आहे: 'हातोडी, जुनी, एक नग'. 'जुनी' या शब्दाला मी तिथेच हरकत घेतली. मागे रांग तुंबली.

"जुनी म्हणजे निकामी न्हवं," मी त्या पहारेकऱ्याला समजावले. "चाळीस वर्षं वापरात आहे, म्हणून तर भरवशाची."

पत्नीने माझ्याकडे पाहिले. ते वाक्य तिने ओटीत बांधून ठेवले असावे.

तिथून धक्क्यावरून चालत जहाजाच्या शिडीपर्यंत जायचे होते. जहाज पांढरेशुभ्र होते, आणि मोठे होते हे मी नाकारत नाही. मागच्या टोकाखाली त्याचे नाव आणि त्याखाली कुठल्याशा परदेशी बंदराचे नाव निळ्या रंगात होते. ऊन तिरपे पडले होते. ओतीव नगावरची पुसलेली अक्षरे वाचायची माझ्या डोळ्यांना सवय आहे. घासून टाकली तरी उन्हात त्यांची सावली उठतेच. त्या निळ्या नावाखाली, पांढऱ्या रंगाच्या आत, मला दुसरे नाव दिसले. वेल्डिंगने उठवलेली जुनी अक्षरे, वरून रंगवलेली. मी ती अक्षर अक्षर लावून वाचली आणि थांबलो. माझ्यामागे पुन्हा रांग थांबली.

"नाव बदललंय याचं," मी म्हणालो. "आणि पासिंग बाहेरच्या देशातलं. आपल्या भागात पलीकडच्या नंबरची गाडी दारात आली की माणूस पहिल्यांदा का म्हणून विचारतो."

"दाजी," मेव्हणा म्हणाला, "तुमच्या स्कूटरचा नंबर पंधरा वर्सं कोल्हापूरचा हुता की वो. निपाणीच्या नाक्यावर पोलीस दिसला की ढकलत नेत हुतासा. ती कुठं बुडाली?"

"ती स्कूटर होती."

"मग? हे काय, ट्रॅक्टर हाय?"

हा प्रश्न तपासणीच्या कक्षेत येत नव्हता. मी पत्नीला म्हणालो, "चांगल्या वस्तूचं नाव कुणी बदलत नाही. काहीतरी घडल्याशिवाय नाव बदलतंच नाही."

ती पिशवी खाली ठेवून माझ्याकडे वळली.

"माझं नाव कुणी बदललं?"

रांगेतले लोक आता घाईत दिसेनात.

"ताटात तांदूळ पसरून, अंगठीनं लिवलासा तुम्ही. मला इचारलासा व्हय? अठरा वर्सं एका नावानं हाक ऐकली मी, आणि बोरगावातनं उठून तुमच्या दारात आलो तर दुसरंच नाव. काय घडलं हुतं माझ्यात? तडा गेलता?"

"अगं, ती रीत आहे..."

"मग त्याचीबी असंल रीत. पन्नास वर्सं झाली. बुडालो व्हय मी? तुम्हालाबी तारून आणलं की हितवर." तिने पिशवी उचलली. "आणि जुनी म्हंजी निकामी न्हवं. आत्ताच कोण म्हणालं?"

ती शिडी चढून गेली. गुडघा दुखतो म्हणून गावातल्या देवळाच्या नऊ पायऱ्यांना दोनदा थांबणारी बाई तिथे एकदाही थांबली नाही. मेव्हणा सांगतो की मी निमूट तिच्या मागे गेलो. मी तपासणीसाठी गेलो. दिशा एकच होती, हा योगायोग.

शिडी काढायला अजून अडीच तास होते. हातोडी नव्हती, म्हणून जेवणाच्या दालनातून मी स्टीलचा एक चमचा घेतला. कठडे, जिन्याच्या पायऱ्या, होड्यांचे टेकू, सगळ्यांना मी क्रमाने ठोके दिले. एक लहान मुलगी बराच वेळ माझ्या मागून तिचा चमचा वाजवत आली. तिचा कान चांगला होता. वरच्या मजल्यावर एक पिकलेल्या केसांचा खलाशी गुडघ्यावर बसून गंज झाडत होता. त्याच्या हातात हातोडी होती. मी त्याच्या शेजारी उभा राहिलो. ज्याला काम येते तो वर न बघता ओळखतो की दुसरा कोण आला आहे.

"चमच्यानं काय कळणार तुम्हाला?" तो म्हणाला. कोकणातला होता. मी माझे काम सांगितले. त्याने हातोडी पुसून माझ्या हाती दिली.

मी पाऊण तास ठोके घेतले. सगळीकडून टणटणीत उत्तर आले. मग एका कोपऱ्यात, पांढऱ्या भिंतीवर, बद्द.

मेव्हणा सांगतो की मी आरडाओरडा केला. मी नेहमीच्या आवाजात "रिजेक्ट!" म्हणालो. फाउंड्रीत माझा नेहमीचा आवाज तीन भट्ट्यांपलीकडे जात असे. त्यामुळे तलावातले काही लोक बाहेर आले आणि एका बाईने मुलांना जवळ घेतले, एवढेच. मी खिशातला खडू काढून भिंतीवर ठसठशीत फुली मारली.

खलाशी धावत आला, त्याने फुलीकडे बघितले आणि शेजारची कडी ओढली. भिंत उघडली. आत खुर्च्या रचल्या होत्या.

"कपाट आहे हो, आजोबा," तो म्हणाला. "प्लायवुडचं."

म्हणजे माझे निदान अचूक होते: ते सलग लोखंड नव्हते. हा मुद्दा कुठल्याही पंगतीत आजवर कुणी मांडलेला नाही. फुली मी माझ्याच बाहीने पुसली. हातोडी परत देताना खलाशाने विचारले, "मग, निघू द्यायचं का जहाज?" चेष्टेत विचारले; पण विचारले मलाच.

पत्नी पुढच्या टोकाला कठड्याला धरून उभी होती. खाली शिडीची साखळी सोडायला दोन माणसे आली होती.

"अजून शिडी हाय," ती समोर बघत म्हणाली. "उतरायचं आसंल तर उतरा. तुमची पिशवी खोलीत हाय, काढलेली न्हाय मी."

पन्नास वर्षांत तिने मला प्रथमच जाण्याची परवानगी दिली होती, आणि मला ती मुळीच आवडली नाही. तीन समुद्रकिनारे आठवले. तिन्ही ठिकाणी मी उभा, मनगटावरचे घड्याळ पाहत. ती वाळू झटकत. मी चमचा काढला आणि तिच्या हाताशेजारी कठड्यावर एक ठोका दिला. लोखंड टणकन बोलले आणि बोलत राहिले. तिच्या बोटांपर्यंत गेले असावे, कारण तिने बोटांकडे पाहिले. मी खडूने तिथे बरोबरची खूण केली.

"झालं?" ती म्हणाली.

"पास," मी म्हणालो.

शिडी निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी किनारा कुठल्याच बाजूला नव्हता. ती त्याच जागी उभी राहिली आणि सावकाश फिरली: एक बाजू, मग दुसरी, मग तिसरी, मग चौथी. पुन्हा पहिली. मी घड्याळ खोलीत ठेवून आलो होतो. पाऊण तासाने तिने विचारले, "ह्येचं जुनं नाव काय हुतं वो? वाचलासा न्हवं काल?"

मी ते सांगितले. परक्या भाषेतले होते. तिने दोनदा म्हणून पाहिले आणि चांगले आहे म्हणाली. मग मी तिच्या जुन्या नावाने तिला हाक मारली. ते नाव मी त्यापूर्वी फक्त लग्नपत्रिकेवर पाहिले होते.

ती लगेच वळली नाही. "आणि एकदा म्हणा," म्हणाली.

हाक मारताना माझा आवाज कापला होता, असे मेव्हणा अलीकडे सांगू लागला आहे. तो त्या वेळी खाली नाश्त्याच्या रांगेत होता. मग त्याला हे कुणी सांगितले, हे मी घरात विचारलेले नाही.